देव्हाऱ्यामागचा हीटर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. बावीस वर्षं माझ्या शेजारी उभं राहून पत्रा कापणाऱ्या सलीमभाईला अर्धं ठाऊक आहे, उरलेलं अर्धं त्यानं कधी विचारलं नाही. देवापुढं सांगून मोकळा झालो असं लिहिणार होतो — पण आता खोटं कशाला? तिथंही मी विषय टाळूनच हात जोडले.

मग तुम्हाला का सांगतोय? खरं तर मलाही नीट माहीत नाही. मागच्या महिन्यात एका माणसाला मातीत बसवताना बघितलं. एवढंच कारण आहे. मोठं काही नाही.

मी गाड्यांच्या बॉड्या बांधतो. लातूरच्या एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. शाळेच्या गाड्या, दुधाचे टेम्पो, क्वचित एखादी लग्नाची सजवलेली जीप. हात चांगला आहे, असं लोक म्हणतात. हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच आलंय.

शिरूर अनंतपाळला मी शाळेत होतो. पाचवीत वैजनाथ गुरुजी गणिताला होते. मी फळ्यापाशी उभा, खडू हातात, उत्तर कुठंच नाही. गुरुजींनी माझ्या दप्तरातून मी तारेची केलेली बैलगाडी काढली, वर्गाला दाखवली आणि म्हणाले, "मन्मथ, तुझी सगळी अक्कल हातात उतरलीय रे. डोक्यासाठी देवानं काही शिल्लकच ठेवली न्हाई." पोरं हसली. गुरुजीही हसले, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्यांनी ती बैलगाडी परत देताना तिची चाकं दोनदा फिरवून बघितली होती. ते मी बघितलं होतं. चाळीस वर्षं मी त्या दोन फेऱ्यांवर जगलो म्हटलं तर चालेल.

सहा वर्षांपूर्वी तेच गुरुजी माझ्या वर्कशॉपच्या दारात आले. सोबत काकू. महानंदाकाकूंचं माहेर उदगीरकडचं, बोलण्यात मधूनच कानडी यायचं. मला त्या 'तम्मा' म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. गुरुजींनी शाळेची एक जुनी गाडी विकत घेतली होती. म्हणाले, "मला हिच्यात घर करून दे. केदारनाथाला जायचंय."

काकूंचे गुडघे गेलेले. लॉजच्या पायऱ्या चढवायच्या नाहीत. आणि दुसरी अडचण आमच्या रिवाजाची. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग सकाळी आंघोळ करून डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. हे दोघंही त्यात पक्के. परमुलखात, थंडीत, रोज पहाटे गरम पाणी आणि शांत कोपरा कोण देणार? म्हणून चाकांवरचं घर.

काकू गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारून म्हणाल्या, "न्हाणीघर हाय, चूल हाय, देव बी बसवणार. आता सासू तेवढी बसवा तम्मा, म्हंजे पूर्ण घर झालं."

सलीमभाई हसता हसता पत्र्याच्या ढिगावर बसला.

ते काम मी जसं केलं तसं आयुष्यात दुसरं केलं नाही. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, काकूंसाठी दाराशी ठेंगणी पायरी. आणि हिमालयातल्या थंडीसाठी गॅसवरचा हीटर. बाहेरच्या देशात अशा राहत्या गाड्यांत तो सर्रास असतो. इकडं मिळत नाही, म्हणून हैदराबादच्या एका व्यापाऱ्याकडून मागवला. एका बंद लोखंडी पेटीत गॅस जळतो, पेटी बाहेरची हवा घेते, धूर नळीनं बाहेर टाकते. गाडीत येते ती फक्त ऊब. धूर आत यायचा प्रश्नच नाही — पेटी धड आहे तोवर.

तो हीटर मी कुठं बसवला, ते सांगायला हवं. मला त्याचा फार अभिमान होता. मी तो देव्हाऱ्यामागं बसवला. सागवानी देव्हारा, त्याला बारीक जाळी, जाळीतून ऊब बरोबर पूजेला बसणाऱ्याच्या अंगावर. दोघांनी पहाटे ओल्या केसांनी बसायचं, हातावर लिंग घ्यायचं, आणि देवाकडून ऊब यावी तशी ऊब यावी. ही कल्पना माझी. कुठल्या पुस्तकातली नाही, कुणी सांगितलेली नाही. सलीमभाई एवढंच म्हणाला होता, "अप्पा, बहुत अंदर घुसा दिये जी. कल कू निकालना पडा तो?" मी म्हणालो, निकालना कैकू पडेगा?

नवरात्रात शिरूरला गाडीची पूजा झाली. निम्मं गाव जमलं होतं. आमचे पुजारी, जंगम स्वामी आले, देव्हाऱ्याला विभूती लावली, बेल वाहिला, मंत्र म्हटले. आणि मग गुरुजींनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "हा माझा विद्यार्थी. मी याला म्हटलं होतं, तुझी अक्कल हातात हाय. ते बरोबर होतं, पण अर्धं होतं. अक्कल नुसती हातात असती तर असलं सुचलं नसतं."

तुम्हाला हसू येईल. पन्नाशीचा माणूस, पांढऱ्या मिशा, आणि माझे डोळे भरले.

त्याच वेळी खिशातला फोन थरथरला.

हैदराबादच्या व्यापाऱ्याचा आवाजी निरोप होता. मी गर्दीतून बाजूला होऊन, फोन कानाला लावून ऐकला. "मन्मथ साब, वो हीटर का पूरा लॉट कंपनी वापस मंगा रई. निकाल के भेज दो. तब तक चालू नक्को करना, सांस का मामला है." खाली एक कागद जोडला होता, दोन पानांचा. मी तो वाचला. इंग्रजी मला अडखळत येतं, पण यंत्राचं इंग्रजी मला कळतं. पेटीच्या सांध्याला बारीक चीर जाऊ शकते. मग जळका वायू आतल्या हवेत मिसळतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं. बंद जागेत माणूस झोपेतल्यासारखा जातो. खाली नंबर दिले होते. पेटीवरचा नंबर मला पाठ होता, इतक्या वेळा मी ती हाताळली होती. तो त्या यादीत होता.

मी काय केलं?

मी व्यापाऱ्याला अंगठा पाठवला. फोनवर असतो ना, तो पिवळा अंगठा — कळलं, करतो. मग गर्दीत परत गेलो आणि प्रसाद घेतला.

त्या घटकेला मी स्वतःला म्हणालो, आज नको. आज देव्हाऱ्याला विभूती लागलीय, आजच तो तोडायचा? उद्या सांगू. हे मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलंय की ते खरं वाटायला लागलं होतं. म्हणून इथं नीट लिहितो. देव्हारा तोडायची गरज नव्हती. गाडीच्या मागच्या बाजूला, तळाच्या फळीखाली, गॅसची नळी होती. एक पाना, एक नट. दहा मिनिटांचं काम. नळी सोडून तोंड बंद केलं असतं तर तो हीटर जन्मात पेटला नसता. हीटर काढून पाठवायचं काम यात्रेनंतरही झालं असतं.

आणि वेळ? गाडी निघायला आठ दिवस होते. आठही दिवस ती गुरुजींच्या दारात उभी होती. लातूरहून तासाभराचा रस्ता. मी त्या आठ दिवसांत दोनदा गेलो. एकदा दाराचा कडी-कोयंडा घट्ट करायला, एकदा नुसताच. दोन्ही वेळा पाना माझ्या गाडीत होता.

मग का नाही सांगितलं? त्यासाठी मला म्हणावं लागलं असतं — गुरुजी, तुम्ही ज्यासाठी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तीच गोष्ट खराब निघाली. बस. एवढंच. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सापडलं नाही.

चौथ्या दिवशी व्यापाऱ्यानं प्रश्नांची एक यादी पाठवली. कंपनीला कळवायचं होतं. हीटर काढला की नाही, गिऱ्हाईकाला सांगितलं की नाही. मी दोन्हीपुढं 'हो' लिहिलं. कुणी मागं लागलं नव्हतं, दोन दिवस उशिरा लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण ते 'हो' लिहिलं आणि मला खरंच हलकं वाटलं, जणू काम झालंच. असं होतं का हो माणसाचं? माझं झालं.

गाडी निघाली. सोबत ड्रायव्हर, गावातलाच, रात्री धर्मशाळेत झोपणारा. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, तिथवर ऊन. हीटर कशाला लागतो? काकू रोज फोन करायच्या. गुरुजी मोठ्यानं मागून बोलायचे. "तम्मा, आज नर्मदेच्या काठी चूल मांडली. लोक गाडी बघायला यायलेत. तुमचे गुरुजी तिकीट लावतील आता." मी हसायचो. मनात म्हणायचो, चीर जाऊ शकते असं लिहिलंय, गेलीच असं कुठं लिहिलंय?

मग डोंगर लागले.

तो फोन सकाळी साडेआठला आला. मी वर्कशॉपचं शटर नुकतंच उघडलं होतं. गुरुजी होते. आवाज काळजीचा, पण घाबरलेला नाही. म्हणाले, "मन्मथ, दोन दिवस झाले, सकाळी पूजेला बसलं की हिचं डोकं लई ठणकायलंय. मळमळतंय म्हणती. माझं बी जरा जड होतंय. बाहेर उन्हात जाऊन बसली की बरं वाटतं तिला. तुझ्या त्या हीटराचं तर काही नसंल ना?"

गुरुजी जणू तो कागदच वाचून दाखवत होते. ठणक. मळमळ. मोकळ्या हवेत बरं. ओळीमागून ओळ.

मागून काकूंचा आवाज आला, "त्याला कशाला घोर लावता? थंडीनं होतंय म्हणा."

उत्तर देण्याआधीच्या दोन श्वासांत मला सगळं दिसत होतं. मी बोलतोय, गुरुजी ऐकतायत, मग विचारतायत — तुला कधीपासून माहीत होतं? हा प्रश्न मला त्या हीटरापेक्षा जास्त भीतीचा वाटला. बंद गाडीतल्या दोन म्हाताऱ्या माणसांपेक्षा जास्त.

मी म्हणालो, "नाही गुरुजी, ते उंचीमुळं. डोंगरात सगळ्यांनाच होतं. काकूंना थंडी लागू देऊ नका. उबेत ठेवा."

उबेत ठेवा. माझे शब्द आहेत. मी इथं ते जसेच्या तसे लिहितोय.

"बरं झालं विचारलं," गुरुजी म्हणाले.

दोन दिवसांनी गुरुजी हेलिकॉप्टरनं वर दर्शनाला गेले. काकू गेल्या नाहीत. खाली गाडीतच थांबल्या. गुरुजींनी नंतर सांगितलं, त्यांनी खूप आग्रह केला, तर म्हणाल्या, "माझा केदार माझ्या तळहातावर हाय. तुम्ही तुमचा बघून या." गुरुजींनी निघताना हीटर वाढवला. खिडकीच्या फटीत घोंगडीची घडी बसवली, वारा लागू नये म्हणून. दार ओढून घेतलं. ड्रायव्हर चौकात चहाच्या टपरीवर होता, बाई पूजेला बसल्यात म्हणून कुणी दार वाजवायचं नाही असं त्याला सांगितलेलं.

दुपारी गुरुजी प्रसाद घेऊन परत आले. काकू देव्हाऱ्याला टेकून बसलेल्या होत्या. डाव्या तळहातावर लिंग तसंच.

संध्याकाळी मला फोन आला. "मन्मथ, ती गेली रे. लिंगैक्य झाली. हातावर लिंग होतं. आणि चेहरा — काय सांगू तुला, लाल, ताजा. लग्नात होती तसली दिसत होती."

मी रडलो. ते खरं रडणं होतं. पण त्याच्याही आधी, एक क्षणभर आधी, मला जे वाटलं ते मी आज लिहितोय. मला वाटलं, त्यांनी हीटराचं नाव घेतलं नाही.

तिथल्या डॉक्टरनं श्वासाचा त्रास, हृदय, वय असं काहीतरी लिहून दिलं. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी हीटराचं सांगितलंच नाही. उखीमठाकडं आपले जंगम आहेत. त्यांनी धावपळ केली, आणि दुसऱ्या दिवशी काकूंना तिथंच समाधी दिली. मुलगा शशिकांत नांदेडला पाटबंधारे खात्यात. तो विमानानं, गाडीनं, पडत-धडपडत पोचला तेव्हा माती ओढून झाली होती. त्याला आईचं तोंड दिसलं नाही.

गावात लोक म्हणाले, काय मरण! केदाराच्या पायाशी, हातावर लिंग, चेहऱ्यावर तेज. बायका असल्या मरणावरून जीव ओवाळून टाकत होत्या. शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मी बोललो. 'तेज' हा शब्द मीही वापरला. तोवर मी फोनवर शोधून वाचलं होतं की त्या वायूनं माणूस गेला की चेहरा लालसर, टवटवीत दिसतो. हे वाचून मग मी तो शब्द वापरला. समजतंय ना तुम्हाला मी काय सांगतोय?

आणि उंची! गाडी उभी होती ते गाव काही फार उंचावर नाही. वर मंदिरापाशी हवा विरळ. पण काकू वर गेल्याच नव्हत्या. लातूर-शिरूरमधल्या एकानंही हे विचारलं नाही. मी 'उंचीमुळं' म्हणालो होतो, गुरुजींनी तेच सगळ्यांना सांगितलं, आणि माझा शब्द गावाचा शब्द झाला.

तेराव्याला अंगणात पंगत उठल्यावर शशिकांत वडिलांसमोर उभा राहिला. तो पहिल्यापासून या यात्रेच्या विरोधात होता. आईचा बीपी, आईचे गुडघे. सगळ्यांदेखत म्हणाला, "हौस तुमची, जीव तिचा. त्रास होतोय म्हणत होती, खाली का आणलं नाही? तुम्हीच मारलं माझ्या आईला." गुरुजींनी मान खाली घातली. ज्या माणसापुढं वर्गात श्वास घ्यायची चोरी होती, तो माणूस मान खाली घालून उभा. मी तीन पावलांवर होतो. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी तो तांब्या घेऊन आत गेलो.

शशिकांत त्या दिवशी नांदेडला गेला तो परत घरी आला नाही. सहा वर्षं.

गाडी गुरुजींनी माझ्याकडं आणून सोडली. म्हणाले, मोडून टाक. मी आणि सलीमभाईनं देव्हारा सोडवला. मागं पेटी. सांध्याला केसाएवढी चीर, आणि तिथून देव्हाऱ्याच्या पाठीवर काळा पट्टा चढलेला. काजळी. सलीमभाईनं बोट फिरवलं, बोट बघितलं. "अप्पा, ये तो फट गया था जी."

मी म्हणालो, "परत येताना रस्त्यात आदळून गेली असंल."

त्यानं चिंधीला बोट पुसलं आणि चहा सांगायला गेला. त्यानंतर आजवर त्यानं विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून तो मला 'अप्पा' म्हणत नाही, 'मालिक' म्हणतो. मला वाटतं, माझ्याशिवाय हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

देव्हारा गुरुजींना हवा होता. तिनं शेवटची पूजा त्याच्यापुढं केली म्हणून. मग मी त्याच्या पाठीवरची काजळी रंधा मारून काढली. सगळी. पॉलिश केलं, दोन हात. मागून नवा दिसायला लागला. शिरूरला नेऊन त्यांच्या भिंतीला मी स्वतः बसवून दिला. गुरुजींनी माझे हात धरले. "तू माझ्यासाठी किती करतोस रे."

मी जात राहिलो. महिन्यातून एकदा तरी. नांदेडला काम निघालं की येताना अर्धापूरची केळी न्यायचो, त्यांना दात नव्हते म्हणून. लोक म्हणायचे, पोटच्या पोरानं टाकलं, पण विद्यार्थी बघा. मी हेही ऐकून घेतलं. नुसतं ऐकून घेतलं नाही, त्याची मला गोडी लागली होती.

गुरुजी फार बोलायचे नाहीत. पण बोलता बोलता तिथंच यायचे. "खिडकी मीच लावली रे." किंवा, "त्रास होतो म्हणत होती, आणि मी हेलिकॉप्टरात बसलो." कधी कधी नांदेडला फोन लावायचे. पलीकडं वाजून वाजून बंद व्हायचा. मग फोन उताणा ठेवून द्यायचे, हाताखाली. वाजलाच तर कळावा म्हणून.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातला सोमवार होता. पूजा आटोपून ओसरीवर बसले होते, मी केळी सोलून देत होतो. एकदम म्हणाले, "मन्मथ, एक विचारू? राग मानू नको. त्या हीटरात काही नव्हतं ना रे? पेपरात वाचलं, कुणीतरी न्हाणीघरात गॅसच्या गीझरनं गेलं. तिकडं बी डोकं दुखत होतं म्हणं आधी."

विचार करा. सहा वर्षांत तो एकच दरवाजा माझ्यापुढं पूर्ण उघडा आला. आरोप नव्हता. त्यांच्या डोळ्यांत राग तर नव्हताच — आशा होती. हो, आशा. मी 'होतं' म्हणालो असतो तर त्या माणसाच्या छातीवरचा दगड उतरला असता. कदाचित शशिकांतचा फोन उचलला गेला असता. माझं काय झालं असतं? पोलीस, बदनामी, वर्कशॉपला कुलूप. झालं असतं ते झालं असतं. पण त्यांना कळलं असतं की आपण आपल्या बायकोला मारलं नाही.

मी म्हणालो, "नाही गुरुजी. मी स्वतः उघडून बघितला होता. ठणठणीत होता."

त्यांनी हातातल्या केळ्याचा एक घास घेतला. मग म्हणाले, "मग माझंच चुकलं."

आणि ते केळं त्यांनी संपवलं. मी आणलेलं होतं म्हणून.

पहिलं खोटं मी भीतीनं बोललो, असं कुणी म्हणू शकेल. काकू वाचतील अशी आशा तरी तेव्हा मला होती. हे दुसरं कशासाठी होतं? काकू गेलेल्या, गाडी मोडलेली, काजळी पुसलेली. माझ्यासमोर एक म्हातारा आपल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं ओझं खाली ठेवायला जागा मागत होता. ती जागा माझी होती. मी ती दिली नाही. मला विचाराल तर माझा खरा गुन्हा हा आहे. काकूंच्या मरणाहूनही — नाही, असं तोलता येत नाही. दोन्ही माझेच.

मागच्या महिन्यात गुरुजी गेले. आमच्यात जाळत नाहीत. खड्ड्यात कोनाडा करून माणसाला बसवतात, पूजेला बसल्यासारखं, लिंग हातावर. मग विभूती, बेल, मग माती. शशिकांत आला होता. केस पिकलेत. खड्ड्याच्या काठाशी उभा राहिला. जंगमांनी त्याला बेलाचं पान दिलं, मूठभर माती दिली. त्यानं पान हातात धरलं, माती हातात धरली, आणि तसाच उभा राहिला. सगळे थांबले. कुणीतरी हळूच म्हणालं, "टाक बाबा." त्यानं नाही टाकली. मूठ तशीच मिटून मागं सरकला. मग जंगमांनी माझ्याकडं बघितलं. मुलानंतर मीच जवळचा, असं सगळ्या गावाला वाटत होतं.

पहिली माती मी टाकली.

नंतर शशिकांत नळाखाली हात धूत होता. मला म्हणाला, "काका, तुम्ही तरी त्यांना जाऊ नका म्हणायचं होतं. तुमचं ऐकायचे ते."

ऐकायचे. ते माझंच ऐकायचे.

तो हीटर मी अजून टाकलेला नाही. का ठेवला, सांगता येत नाही. वर्कशॉपच्या माळ्यावर, डाव्या कोपऱ्यात, गोणपाटात बांधलेला आहे. नंबर पेटीच्या खालच्या अंगाला आहे. चीर वरच्या सांध्याला. व्यापाऱ्याचा निरोप आणि तो दोन पानी कागद माझ्या जुन्या फोनमध्ये आहे, तो फोन त्याच गोणपाटात आहे. मी पाठवलेला अंगठा आणि मी लिहिलेले दोन 'हो' त्यातच आहेत. हे सगळं या मजकुराची एक प्रत जोडून नांदेडला जाईल. वाचून शशिकांतला वडिलांबद्दल काय वाटेल, स्वतःबद्दल काय वाटेल, त्या न टाकलेल्या मातीचं त्याला काय वाटेल, हे मला कळतं. त्याला आणखी दुखवू नये म्हणून गप्प राहावं, असाही एक विचार येऊन गेला. तो विचारही मी ओळखला. तो काकूंच्या वेळचाच आहे, फक्त कपडे बदलून आला होता.

ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर देता येत नाही आता. तरी ते इथं लिहून ठेवतो, कारण प्रश्न साधा होता आणि उत्तर माझ्याकडंच होतं.

होतं, गुरुजी. हीटरात होतं. आणि तुमची गाडी निघायच्या आठ दिवस आधीपासून मला ते माहीत होतं.